टाक घ्यावा की टाकावा

टाक नावाच्या प्रोग्रामनं पारखींची भाषा बिघडवली, ही गोष्ट सगळ्यात आधी संपादकांच्या लक्षात आली. त्यांनी पारखींना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि टेबलावरचा कागद मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांनी उचलला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो साहेब. टाकवर. परीक्षण करायचं तर त्याच्यातच लिहून बघा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मग वाचा."

पारखींनी वाचलं. त्यांना मजकूर बरा वाटला. फक्त त्यावर लाल शाई एवढी होती की काळी अक्षरं अंग चोरून उभी असल्यासारखी दिसत होती.

"तुमचं पद काय आहे?" संपादकांनी विचारलं.

"परीक्षक."

"बरोबर. आणि इथे काय छापलंय? 'परिक्षक'. पहिली वेलांटी. माणसाच्या स्वतःच्या पदाची वेलांटी चुकली, पारखी. त्याच्या खाली 'आणी', त्याच्या खाली 'उत्कृष्ठ', इथे 'विज' जाते आणि तिथे 'दुध' तापतं. आणि हे वाक्य बघा, 'सदरहू प्रोग्रामच्या वापरासंदर्भात विचार केला असता असे निदर्शनास येते की'. काय निदर्शनास येतं ते पुढच्या पानावर आहे." संपादकांनी चष्मा काढला. "गेली कित्येक वर्षं तुमचा मजकूर मी न वाचता छापखान्यात पाठवतोय. पारखींच्या लेखात मात्रेची चूक दाखवा आणि माझ्याकडून जेवण घ्या, अशी पैज लावतो मी लोकांशी."

मग दोघांची नजर एकदमच कागदाच्या तळाशी गेली. तिथे बारीक ठिपक्याठिपक्यांत छापलं होतं, 'हा मजकूर टाक वापरून लिहिला.'

"केवढ्याला म्हणालात हा प्रोग्राम?"

"चपलांच्या एका जोडाएवढा."

"तरीच," संपादक म्हणाले.

पारखींचं आडनाव पारखी नव्हतं. घरगुती यंत्रांची माहिती देणाऱ्या त्या मासिकात ते 'पारख' नावाचं सदर लिहीत, म्हणून सगळे त्यांना पारखी म्हणत आणि त्यांच्या बायकोला पारखीणबाई. इस्त्री, पंखा, पाण्याचा पंप, जे काही बाजारात येई ते आधी पारखींच्या घरी येई, महिनाभर राही, आणि मग त्याच्याविषयी चार शब्द छापून येत. त्यांच्या घरात कुठलीच वस्तू नुसती वापरली जात नसे. "मलाच तेवढं न तपासता आणलंत," असं पारखीणबाई पाहुण्यांसमोर म्हणत, आणि पारखी त्यावर मोठ्यानं हसत.

त्यांची लिहिण्याची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी ऑफिसातून आले की पारखी जेवणाच्या टेबलाशी बसून हातानं मजकूर लिहून काढत. पारखीणबाई लग्नाआधी एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. स्वयंपाक आटोपला की त्या हात पुसत येत, टाइपरायटर पुढे ओढत आणि त्याची स्वच्छ प्रत काढत. मधेच थांबून विचारत, "इथे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?" मग पारखी खुर्चीत रेलून हातवारे करत सांगत, आणि यंत्र पुन्हा टकटकायला लागे. गॅसवर चहा, टेबलावर टकटक, ओळ संपली की छोटीशी घंटा. सकाळी पारखी ते कागद घडी न करता पिशवीत ठेवत आणि नेऊन देत. छापून आल्यावर ते आपला लेख आवडीनं वाचत. आपलाच चेहरा आरशात बघताना कुणी तो नाकाडोळ्यांसकट तपासून घेत नाही, तसे ते वाचत.

अशातच कार्यालयात संगणक आला. आज घरोघरी, खिशोखिशी असतात त्यातला नव्हे. तो दोघांनी मिळून उचलायचा होता. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि चालू केला की आतून पोळं घुमावं तसा आवाज. त्याला कापडाचा अंगरखा शिवला होता. माणसं त्याच्या खोलीत हळू बोलत. त्यावर लिहायचं तर लिहिण्याचा प्रोग्राम लागतो असं कळलं, आणि जो नावाजलेला प्रोग्राम होता त्याची किंमत फ्रिजएवढी होती. तेव्हा कुणीतरी ही टाकची जाहिरात दाखवली. एक चौकोनी लवचीक फ्लॉपी तबकडी, कीबोर्डवर चिकटवायच्या अक्षरांच्या चिकट्या आणि सायक्लोस्टाइल केलेली एक पुस्तिका, एवढाच सगळा संसार.

"घ्यावा की टाकावा, ते तुम्ही सांगा," संपादक म्हणाले होते आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी संगणक प्रिंटरसकट महिन्याभरासाठी पारखींच्या घरी पाठवला होता.

तो जेवणाच्या टेबलावर बसला. टाइपरायटर उचलून कपाटावर ठेवावा लागला.

"आता तुला टायपिंगचा त्रास नाही," पारखी म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण बायकोला काहीतरी मोठं दिलं. "आता मी थेट यावरच लिहिणार."

"बरं झालं," पारखीणबाई म्हणाल्या. त्यांनी टाइपरायटरवर त्याचं झाकण घातलं, झाकणावरची धूळ पुसली आणि त्या संध्याकाळपासून त्या खिडकीशी बसून वाचायला लागल्या. घर कसं शांत झालं. पारखींना ती शांतता आधी सुखाची वाटली आणि मग, का कोण जाणे, थोडी मोठी वाटायला लागली.

टाक मात्र त्यांना मनापासून आवडला होता. तो काही फार हुशार नव्हता. पण तो बोलायचा. बनवणाऱ्यानं त्यातल्या सूचना अगदी आपल्या घरच्या भाषेत लिहिल्या होत्या. मजकूर साठवला की पडद्यावर उमटे, 'ठेवला. काळजी नसावी.' पुसायला गेलं की विचारी, 'नक्की पुसायचं? मागाहून मागितलंत तर मिळणार नाही.' आणि जागा भरत आली की म्हणे, 'आता थोडक्यात लिहा.' जोडाक्षर उमटताना तो क्षणभर अडखळे, कठीण शब्द उच्चारण्याआधी माणूस श्वास घेतो तसा. पारखी एकटेच हसत आणि त्याला "बरं बाबा" म्हणत.

असा हा टाक आपली भाषा बिघडवतो हे कळल्यावर त्यांना जवळच्या माणसानं दगा दिल्यासारखं वाटलं. पण पारखी परीक्षक होते, आणि भावना वेगळी, परीक्षा वेगळी. त्यांनी रीतसर तपासणी सुरू केली. एकच परिच्छेद टाकवर पुन्हा पुन्हा लिहिला. चुका आल्या, आणि दर वेळी त्याच जागी आल्या. म्हणजे दोष अधूनमधून होणारा नव्हता, मुरलेला होता. मग त्यांनी टाकवर छापलेला कागद पारखीणबाईंपुढे ठेवला.

"हा एकदा टाइपरायटरवर काढून देतेस?"

"कशासाठी?"

"पडताळा. मजकूर तोच ठेवायचा, यंत्र बदलायचं."

पारखीणबाईंनी कागद वाचला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "दोष नक्की प्रोग्रामचाच आहे ना?" त्यांनी विचारलं. त्यावर पारखींनी त्यांना पडताळा कसा घेतात, कारण आणि परिणाम यांत फरक काय, हे बराच वेळ समजावून सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग त्यांनी कपाटावरून टाइपरायटर काढला आणि प्रत करून दिली. प्रत धुतल्या तांदळासारखी होती.

"बघ," पारखी म्हणाले. "टाइपरायटर निर्दोष सुटला."

संपादकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्यांचे डोळे चकाकले. परीक्षण आता नुसतं परीक्षण राहिलं नव्हतं. "पुढच्या अंकात मुख्य लेख हाच," ते म्हणाले. "शीर्षक, 'भाषेला लागलेली कीड'. उद्या शाळेत, कोर्टात, सगळीकडे हीच यंत्रं येणार. लोकांना सावध करणं आपलं कर्तव्य आहे. बनवणाऱ्याला कळवा, त्याचं म्हणणं मागवा आणि छापा."

बनवणाऱ्यानं पत्राला उत्तर पाठवलं नाही. तो स्वतःच आला. रविवारी सकाळी दारात एक किडकिडीत, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ उभा होता. हातात कापडी पिशवी, अंगात कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर.

"मी टाकवाला," तो म्हणाला. "माझ्या टाकनं काहीतरी केलंय म्हणे."

तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करत असे. ते दुकान सोडून त्यानं मागच्या खोलीत बसून हा प्रोग्राम लिहिला होता, तबकड्या स्वतःच भरायचा आणि चिकट्या त्याची बायको कापायची. हे सगळं त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पारखीणबाईंनी चहा देताना विचारलं म्हणून सांगितलं. लेखाचं शीर्षक ऐकल्यावर मात्र त्यानं कप खाली ठेवला.

"असं छापून आलं तर मला पुन्हा रेडिओ उघडायला लागतील," तो म्हणाला. "आणि आता रेडिओ तरी कोण दुरुस्त करतं."

त्यानं पिशवीतून छापील कागदाची घडी काढली. सगळा प्रोग्राम त्यावर होता. घडी उलगडत टेबलापासून सुरू झाली, दिवाणखान्यातून गेली आणि बाहेरच्या पायरीवर संपली. टाकवाले चष्मा लावून तिच्या कडेनं रांगत गेले. पारखी त्यांच्यामागे रांगत गेले, कारण परीक्षकानं हजर असलं पाहिजे. पायरीवरून दोघं परत फिरले. कुठेच काही सापडलं नाही.

"तुम्ही लिहा, मी बघतो," टाकवाले म्हणाले.

पारखींनी लिहिलं. टाकवाले त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे नव्हे, त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. जरा वेळानं त्यांनी मांडीवर थाप मारली. "सापडलं. दोन्ही वेलांट्या मी एकाच कळीवर ठेवल्यात. झटकन दाबली की पहिली, दाबून धरली की दुसरी. तुम्ही 'परीक्षक' लिहिताना बोट लवकर उचलता, म्हणून 'रि' होतो. 'आणि'वर बोट रेंगाळतं, म्हणून 'णी'."

"आणि 'उत्कृष्ठ'?"

"ट आणि ठ शेजारी शेजारी. तुमचं बोट जाड आहे, राग मानू नका."

पारखींनी राग मानला नाही. उलट त्यांना हायसं वाटलं. दोष बोटांचा होता, आणि बोटांना वळण लावता येतं. टाकवाल्यांनी त्यांना अंगठी काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं, कीबोर्डखाली टॉवेलची घडी घातली. "फुलपाखरू बसल्यासारखं बोट ठेवा," ते म्हणत. "आता धरा. धरा. सोडा." पडद्यावर 'परीक्षक' उमटला, दुसऱ्या वेलांटीसकट. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मग पारखींनी त्याच हुरूपानं पुढचं वाक्य लिहिलं आणि त्यात 'परीश्रम' आला, 'परीणाम' आला आणि 'परीस्थिती'ही आली.

"आता तुम्ही सगळीकडेच धरायला लागलात," टाकवाले खिन्न होऊन म्हणाले.

दुपार झाली. पारखीणबाईंनी दोघांना जेवायला वाढलं ते स्वयंपाकघरात, कारण टेबलावर पसारा होता. शेवटी टाकवाले म्हणाले, "तिसरा हात पाहिजे. तटस्थ. माझा हात मला सांभाळून घेत असेल, तुमचा आता बिचकलाय. वहिनी, तुम्ही बसाल का जरा?"

पारखीणबाई बसल्या. पारखींनी सकाळी लिहिलेला कागद शेजारी ठेवला. त्यांनी आधी कीबोर्डवरच्या चिकट्या नीट पाहून घेतल्या, आणि मग त्यांची बोटं सावकाश, मग जरा वेगानं चालायला लागली. कितीतरी दिवसांनी त्या टेबलाशी बसल्या होत्या. घंटा तेवढी वाजत नव्हती. मधेच त्या थांबल्या आणि सवयीनं म्हणाल्या, "इथे नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?"

पारखींनीही सवयीनं सांगितलं, "म्हणजे असं की, हा प्रोग्राम गरीब आहे पण लबाड नाही. जेवढं येतं तेवढंच येतं म्हणतो."

बोटं पुन्हा चालायला लागली. प्रिंटर पत्र्यावर कंगवा ओढावा तसा करकरला, कागद बाहेर आला आणि टाकवाल्यांनी तो कडेच्या भोकांच्या पट्टीसकट हातात घेतला. त्यात एकही चूक नव्हती.

"सुटलो," ते म्हणाले. "वहिनींच्या हातात ताल आहे. बोट नेमकं..." आणि तिथेच ते थांबले. त्यांनी पारखींचा कागद उचलला. या कागदाकडे पाहिलं, त्या कागदाकडे पाहिलं. "वेलांटी बोटाच्या दाबानं बदलेल," ते हळूच म्हणाले. "पण हे 'सदरहू प्रोग्रामच्या वापरासंदर्भात विचार केला असता असे निदर्शनास येते की' कुठे गेलं? तिथे नुसतं 'हा प्रोग्राम गरीब आहे पण लबाड नाही' एवढंच आहे. अख्खं वाक्य कसं काय..."

त्यांनी पारखीणबाईंकडे पाहिलं. पारखीणबाई टॉवेलची घडी सरळ करत होत्या. टाकवाल्यांना एकदम आपल्या तंबाखूची आठवण झाली आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यांचा तोच लांबलचक कागद तिथे अजून पडला होता. तो ते गुंडाळायला लागले, गरजेपेक्षा जास्त सावकाश.

आत पारखी उभेच होते. "तू हे नेहमी करतेस?"

"काय?"

"बदलतेस."

"अहो," पारखीणबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

पारखी खुर्चीवर बसले. घरातला पंखा, इस्त्री, तो पंप, प्रत्येकावर लिहिलेला लेख त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला. "म्हणजे ते इस्त्रीचं... 'इस्त्री तापते यात कौतुक नाही, ते तिचं कामच आहे. ती वेळेवर निवते का ते विचारा.' लोक अजून ते वाक्य मला म्हणून दाखवतात. ते तुझं?"

"छे. ते तुमचंच. तुम्ही तसंच म्हणाला होतात, मी विचारलं तेव्हा. कागदावर लिहिलं होतंत 'सदर इस्त्रीच्या उष्णतेसंबंधी'. म्हणालात ते मी टाइप केलं, लिहिलंत ते सोडून दिलं." त्या जरा थांबल्या. "तुम्ही बोलता छान. लिहायला बसलात की तुमच्या अंगात कचेरी संचारते."

"आणि वेलांट्या?"

"त्या माझ्या," पारखीणबाई म्हणाल्या.

बाहेर कागद गुंडाळल्याचा आवाज येत होता. पारखींना वाईट वाटलं की बरं वाटलं हे त्यांना स्वतःला ठरवता येईना. "मग मी एवढे पडताळे घेत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुम्ही गंमत करताय. मग तुमचे साहेब त्यात पडले. मग हे बिचारे एवढ्या लांबून आले आणि तुम्ही दोघं घरभर रांगायला लागलात. मधे बोलायला फटच सापडेना. आणि खरं सांगू का," त्या टॉवेलकडे बघत म्हणाल्या, "मला त्रास नाही म्हणालात ना, ते मला जरा लागलं होतं. मला कधी त्रास झालाच नव्हता."

टाकवाले निरोप घ्यायला आत आले तेव्हा पारखींनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि उद्या सकाळी पहिलं काम काय ते करतो असं सांगितलं. टाकवाले म्हणाले, "वहिनी, तेवढं माझ्या पुस्तिकेतही काही चुका असतील तर..."

"काढल्यात," पारखीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तिका त्यांच्या हातात दिली. पानापानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

सोमवारी पारखी काचेच्या खोलीत शिरले आणि उभ्यानंच म्हणाले, "साहेब, प्रोग्रामचा काही दोष नाही. चुका माझ्या आहेत. पहिल्यापासून माझ्याच आहेत."

संपादकांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. "तो माणूस येऊन गेला ना घरी? रडला असेल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, पारखी. तुम्हाला दुसऱ्याचं वाईट बघवत नाही. पण इतकी वर्षं मी तुमचं छापतोय, मला तुमची भाषा तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"साहेब, मी आत्ता तुमच्यासमोर हातानं लिहून दाखवतो."

पारखींनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि एका दमात लिहिलं, 'मी परिक्षक असून सदरहू चूका माझ्याच आहेत आणी त्याबद्दल मी दिलगिर आहे.'

संपादकांनी तो कागद घेतला, वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून दार लावलं. "हातालाही लागलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पारखी, हे मला वाटलं होतं त्याहून गंभीर आहे. महिनाभरात या प्रोग्रामनं तुमचा हात बिघडवला. लहान मुलांचं काय होईल? तुम्ही आठवडाभर रजा घ्या. त्याच्या जवळ जाऊ नका. लेख मी लिहितो."

पारखी खोलीबाहेर आले ते रजेचा अर्ज मंजूर होऊनच. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा पारखीणबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि चपला घातल्या.

"कुठे?"

"तुमच्या साहेबांकडे. कीड बघायची असेल ना त्यांना."

त्या दिवशी काचेच्या खोलीत काय बोलणं झालं ते पारखींना बाहेरून नुसतं दिसलं, ऐकू आलं नाही. पारखीणबाई बसल्या. संपादक आदरानं बोलले, मग जोरात बोलले, मग ऐकायला लागले. पारखीणबाईंनी त्यांच्या टेबलावरचा एक कागद, तो किडीचा अर्धवट लिहिलेला लेख असावा, आपल्याकडे वळवून घेतला आणि पेन्सिल मागितली. पेन्सिल तीन-चार ठिकाणी टेकली. संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाकून पाहिलं. मग त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि बाहेर येऊन पारखींच्या खांद्यावर हात ठेवला.

"रजा रद्द," ते म्हणाले. "आणि तुमच्या घरून येणाऱ्या मजकुराबद्दल मी लोकांशी लावलेली पैज कायम आहे. ती नेमकी कुणावर लावत होतो, ते मला आज कळलं एवढंच."

परीक्षण पुढच्या अंकात आलं. पारखींनी ते खुर्चीत रेलून, हातवारे करत सांगितलं आणि पारखीणबाईंनी ते टाकवर लिहिलं. गॅसवर चहा होता. प्रत्येक परिच्छेदानंतर टाक म्हणत होता, 'ठेवला. काळजी नसावी.' लेखात टाकचे गुण होते, उणिवा होत्या, जोडाक्षरापाशी तो घेतो तो श्वास होता. शेवटी पारखींनी आपल्या आग्रहानं एक वाक्य घालायला लावलं, आणि ते एकच वाक्य पारखीणबाईंना खोडायचं होतं पण त्यांनी खोडलं नाही. 'या प्रोग्रामात शुद्धलेखन तपासण्याची सोय नाही. पण ती उणीव आम्हाला इतके दिवस जाणवली नाही, कारण ती सोय आमच्या घरी आधीपासूनच आहे.'

टाकवाल्यांना पुन्हा रेडिओ उघडावे लागले नाहीत. चिकट्या कापायला त्यांना शेजारणींची मदत घ्यावी लागली, असं त्यांनी कळवलं.

मासिकाच्या कार्यालयात मात्र वेगळीच पंचाईत झाली. वाचकांची पत्रं यायला लागली, आणि ती टाकबद्दल नव्हती. टाक कुठे मिळतो ते लेखात दिलंच होतं. लोकांना ती दुसरी सोय हवी होती. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं होतं की ती कुठल्या कंपनीची. एका वकिलांनी लिहिलं होतं की जुन्या यंत्रावर बसेल का. कुणाला किंमत हवी होती, कुणाला पत्ता, आणि एका गृहस्थांना ती हप्त्यानं मिळेल का हे जाणून घ्यायचं होतं.

संपादकांनी पत्रांचा तो गठ्ठा पारखींकडे दिला. "तुमच्या वाक्यामुळे आलीत, उत्तरं तुम्हीच द्या."

पारखी ती घरी घेऊन आले आणि टेबलावर, अजून परत न गेलेल्या संगणकाशेजारी ठेवली. पारखीणबाईंनी एकेक पत्र वाचलं. मुख्याध्यापकांचं त्यांनी दोनदा वाचलं.

"काय कळवायचं यांना?" पारखींनी विचारलं.

पारखीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला. "कळवू या की," त्या म्हणाल्या, "ही सोय सुटी मिळत नाही. सोबत एक नवरा घ्यावा लागतो."